खालचं रेटिंग आलं, राजीनामा द्यावा का?

प्रश्न असा आहे: पुण्यातल्या आयटी कंपनीत चार वर्षं चार महिने झाले. यंदाच्या अप्रेझलमध्ये, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनात, पाचपैकी दोन रेटिंग मिळालं, पगारवाढ शून्य. मॅनेजर सहा महिन्यांपूर्वीच बदलला आहे. नोटीस पिरियड ९० दिवसांचा, घराचा हप्ता ४२ हजार, आई-वडील कंपनीच्या मेडिक्लेमवर. राजीनामा द्यावा का?

आज देऊ नका. पुढच्या सहा-आठ महिन्यांत कदाचित द्यावा लागेल आणि तेव्हा तो बरोबरही असेल. पण अप्रेझलचं पत्र हातात पडल्यावर त्याच आठवड्यात दिलेला राजीनामा महागात पडतो, आणि तुमच्या बाबतीत किती महागात, ते आकड्यात सांगता येतं. ते गणित पुढे मांडलं आहे. त्याआधी हे रेटिंग नेमकं कुठून आलं ते शोधायला हवं, कारण निर्णय त्यावर फिरतो.

तुम्ही सेल्फ अप्रेझल भरता, मॅनेजर आपलं रेटिंग टाकतो, इथपर्यंतचं तुम्हाला दिसतं. त्यानंतर नॉर्मलायझेशनची, म्हणजे सगळ्यांची रेटिंग एकमेकांशी ताडून बसवण्याची बैठक होते. विभागातले सगळे मॅनेजर, त्यांच्यावरचे साहेब आणि एचआर एकत्र बसतात. पगारवाढीचा पैसा ठरलेला असतो, त्यामुळे वरच्या श्रेणीत किती जण बसवायचे याचा अंदाजही आधीच ठरलेला असतो. बेल कर्व्ह (ठरावीक टक्के लोकांना वर, मध्ये आणि खाली बसवण्याची पद्धत) बंद केल्याचं जाहीर करणाऱ्या कंपन्यांतही वाटणी शेवटी बजेटमध्येच बसवावी लागते. या बैठकीत एकेका नावाला दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही. तेवढ्यात जो मॅनेजर आपल्या माणसाची बाजू पुराव्यानिशी मांडतो, त्याचा माणूस जागेवर राहतो. सहा महिन्यांपूर्वी आलेल्या मॅनेजरला वर्षाच्या पहिल्या सहामाहीतलं तुमचं काम ठाऊकच नसतं. त्यानं जुन्या मॅनेजरचा अभिप्राय मागवला नसेल, तर तुमचं अर्धं वर्ष मोजलंच गेलेलं नाही.

म्हणजे खालच्या रेटिंगची कारणं तीन असू शकतात. काम खरोखर कमी पडलं, वाटणीत तुम्ही खाली सरकलात, किंवा तुम्हाला बाहेर काढण्याची कागदपत्रं तयार होऊ लागली आहेत. रेटिंगच्या आकड्यावरून यातलं काहीच कळत नाही. त्याखालचा मजकूर मात्र बरंच सांगतो.

‘ओनरशिप अपेक्षेएवढी दिसली नाही, कम्युनिकेशनमध्ये सुधारणा हवी’ एवढंच लिहिलं असेल, तर बहुधा रेटिंग आधी ठरलं आणि वाक्यं नंतर शोधली. ‘ऑगस्टच्या रिलीजनंतर दोन सेव्हरिटी वन बग आले, त्यांचं रूट कॉज अ‍ॅनालिसिस बारा दिवस उशिरा मिळालं’ (म्हणजे दोन सर्वांत गंभीर दोष निघाले आणि त्यांच्या मूळ कारणाचा अहवाल उशिरा आला) असं असेल, तर कुणीतरी तुमच्या कामाकडे नीट पाहिलं आहे. ते वाचून झोंबेल, पण त्यावर काहीतरी करता येतं. ‘१४ नोव्हेंबर, ३ डिसेंबर आणि २० जानेवारीच्या चर्चांमध्ये लक्षात आणून देऊनही अपेक्षित बदल दिसला नाही’ अशी भाषा असेल तर सावध व्हा. तारखांसकट लिहिलेलं वाक्य तुमच्यासाठी लिहिलेलं नसतं. उद्या फाइल उघडणाऱ्या एचआरसाठी किंवा वकिलासाठी लिहिलेलं असतं.

याच्या जोडीला आणखी खुणा असतात. मॅनेजरशी एरवी तोंडी होणाऱ्या वन-ऑन-वन भेटींचे मुद्दे अचानक मेलवर येऊ लागतात आणि सीसीमध्ये एचआरचं नाव दिसतं. तुमच्या मॉड्यूलला ‘बॅकअप’ म्हणून कुणीतरी नेमला जातो आणि त्याला केटी (कामाची सगळी माहिती) द्यायला सांगतात. पुढच्या तिमाहीच्या प्लॅनिंगमध्ये तुमच्या नावावर काहीच पडत नाही. सर्व्हिस कंपनीत असाल तर क्लायंटचं बिलिंग काढून बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसवून ठेवतात. यातली एखादी गोष्ट सुटी घडली तर काही विशेष नाही. दोन-तीन एकाच महिन्यात घडल्या तर पुढचं पाऊल पीआयपीचं (परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, म्हणजे मुदत देऊन काम सुधारायला सांगणं) आहे असं धरून चाला.

आता मॅनेजरशी बोलणं. निकाल कळल्यापासून आठवडाभरात अर्ध्या तासाची वेळ मागा. रेटिंग बदलून घेण्यासाठी ही भेट घेऊ नका. सिस्टीममध्ये एकदा लॉक झालेलं रेटिंग क्वचितच बदलतं आणि त्यावर हुज्जत घातली की समोरचा बचावात जातो. तीन प्रश्न विचारा. माझ्या जुन्या मॅनेजरचा अभिप्राय यात धरला होता का? पुढच्या सहा महिन्यांत माझ्याकडून नेमक्या कुठल्या दोन गोष्टी झाल्या तर रेटिंग तीनवर येईल? आणि येत्या दोन तिमाहींत माझ्याकडे कुठलं काम आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं. ज्या मॅनेजरला तुम्ही हवे आहात तो कामाचं नाव घेतो, मग भले ओरडून का होईना. ज्याला नको आहात तो ‘बघू, प्लॅनिंग चालू आहे’ म्हणतो.

भेट झाल्यावर त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका: ‘आज बोलल्याप्रमाणे माझी उद्दिष्टं ही, त्यांचा आढावा या तारखेला. माझ्या समजुतीत काही चूक असेल तर कळवावं.’ तक्रारीचा सूर नको, विशेषणं नकोत. पोर्टलवर ‘अ‍ॅकनॉलेज’चं बटण दाबायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, त्याचा अर्थ मजकूर मिळाला एवढाच होतो. तरी त्याखाली ‘सहमत’ असा शब्द आहे का ते वाचून मगच दाबा. टिप्पणीची जागा असेल तर दोन-तीन तथ्यं लिहा: अमुक काम, अमुक तारीख, अमुक परिणाम. फेरविचाराच्या अर्जाला मुदत असते आणि ती थोडक्या दिवसांची असते. चुकीचा प्रोजेक्ट मोजला, मंजूर रजेचा काळ गैरहजेरी धरला, जुना अभिप्राय घेतलाच नाही, असं काही असेल तरच तो करा. ‘माझ्यावर अन्याय झाला’ या एका वाक्यावर अर्ज टिकत नाही.

(सरकारी नोकरीत हे सगळं वेगळं चालतं. देव दत्त प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वार्षिक अहवालातली प्रत्येक नोंद, मग ती चांगली असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध म्हणणं मांडता येईल. खासगी कंपनीत असा हक्क नाही, तिथे कंपनीचं धोरण हाच कायदा.)

आता गणित. कंपनीत पाच वर्षं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाचा हक्क मिळतो. सूत्र साधं आहे: शेवटचं मासिक वेतन (मुख्यतः बेसिक आणि महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक ६० हजार धरला तर पाच वर्षांचे सुमारे १ लाख ७३ हजार होतात आणि या रकमेवर कर लागत नाही. तुमचं सीटीसीचं (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचं) पत्र काढून बघा. त्यात बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी बहुधा धरलेली असेल. म्हणजे ‘पॅकेज’ म्हणून तुम्हाला सांगितलेल्या रकमेतला हा भाग पाच वर्षांआधी निघालात तर हाती येतच नाही. नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. मुदतीच्या करारावरच्या लोकांना त्यामुळे एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते, पण कायम नोकरीतल्यांसाठी पाच वर्षांची अट तशीच आहे.

आज राजीनामा दिला तर नोटीस संपेल तेव्हा चार वर्षं सात महिने होतात. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की पुरे, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या ठिकाणी हा आकडा १९० धरतात. काही कंपन्या हा निकाल मानतात, काही मानत नाहीत. सात महिन्यांत तर १९० कामाचे दिवसही भरत नाहीत. पाच महिन्यांनी राजीनामा दिलात तर नोटीस संपता संपता पाच वर्षं पूर्ण होतात. इथे एक खड्डा आहे. नवी कंपनी घाईत असते, ती नोटीस बायआउटचे, म्हणजे उरलेल्या नोटिशीच्या बदल्यातले पैसे देते. किंवा जुनी कंपनीच महिनाभर आधी मोकळं करते. दोन्ही वेळी शेवटचा दिवस अलीकडे येतो आणि पाच वर्षांना थोडे दिवस कमी पडतात. म्हणून नुसत्या ९० दिवसांच्या भरवशावर तारीख ठरवू नका. जॉइनिंगची तारीख पाच वर्षं भरल्यानंतरचीच मागा आणि लवकर मोकळं करण्याची विनंती स्वतःहून करू नका.

थांबण्याचीही किंमत असते. महिना सव्वा लाख पगार आणि बाहेर २५ टक्के वाढ मिळणार असेल, तर पाच महिने थांबल्यानं सुमारे १ लाख ५६ हजार बुडतात, तेही करपात्र. म्हणजे तुमच्या बाबतीत पैशाच्या हिशेबात थांबणं आणि जाणं जवळपास बरोबरीचं आहे, थांबणं किंचित वर. नोकरी नऊ महिन्यांची असती तर हा मुद्दाच आला नसता. चार वर्षं दहा महिने झाले असते तर पाच वर्षं नोटिशीतच भरली असती.

व्हेरिएबल पेचीही (पगाराच्या कामगिरीवर मिळणाऱ्या भागाचीही) तारीख बघा. बऱ्याच पत्रांत ‘देय दिनांकाला नोकरीत असल्यास आणि राजीनामा दिलेला नसल्यास’ अशी अट असते. ईसॉप्स (कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) असतील तर पुढचं व्हेस्टिंग, म्हणजे तो हक्क पक्का होणं कधी आणि सोडल्यावर किती दिवसांत ते घ्यावे लागतात, हे पाहून ठेवा. जॉइनिंग बोनस, रिलोकेशनचे पैसे किंवा कंपनीच्या खर्चाचं सर्टिफिकेशन यांची परतफेडीची अटही नियुक्तिपत्राच्या मागच्या पानांत दडलेली असते. पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळता करा. पाच वर्षांच्या आत काढला तर करपात्र ठरतो, वळता केला तर आधीची नोकरी मोजली जाते.

आई-वडिलांच्या मेडिक्लेमचा विचार लोक शेवटच्या आठवड्यात करतात आणि तिथेच फसतात. ग्रुप पॉलिसी साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवशी संपते. नव्या कंपनीत आई-वडिलांना कव्हर असेलच असं नाही. बाहेरून नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा लागू शकते. वडिलांना मधुमेह असेल आणि मधल्या काळात काही झालं तर खर्च खिशातून. म्हणून पॉलिसी आत्ताच, नोकरीत असतानाच सुरू करा, म्हणजे प्रतीक्षेचे महिने आजपासून मोजले जातील. दुसरा मार्ग म्हणजे ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाणं. आधी भरलेली प्रतीक्षा त्यात धरली जाते, पण अर्ज वेळेत लागतो. त्याची पद्धत एचआरला राजीनाम्याच्या दिवशीच विचारा.

आता शोधाबद्दल. ९० दिवसांच्या नोटिशीमुळे आपल्याकडे एक चमत्कारिक बाजार तयार झाला आहे. नोकरभरती करणाऱ्या कन्सल्टंटला ‘पंधरा दिवसांत येणारा’ माणूस हवा असतो, त्यामुळे नोकरीत असलेल्याला फोन कमी येतात आणि नोटिशीवर असलेल्याला जास्त. म्हणून लोक आधी राजीनामा देतात आणि मग ऑफर शोधतात. हे चालतं, पण बाजार गरम असेल तेव्हाच. थंड बाजारात नोटिशीचा ऐंशीवा दिवस उजाडतो आणि मग मिळेल ती ऑफर घ्यावी लागते. हा जुगार खेळायचाच असेल तर हप्त्यासकट सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात हवा. त्यात शेअर किंवा सोनं धरू नका. शिवाय त्याआधीच्या महिन्याभरात निदान दोन मुलाखतींत शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचलेले असायला हवं. त्यावरून आपल्याला बाजारात मागणी आहे की नाही, ते कळतं. रेटिंगवरून ते कळत नाही.

नवी कंपनी रेटिंग विचारेल का, ही भीती अनेकांना असते. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये साधारणपणे तारखा, पद, सोडण्याचं कारण आणि पुन्हा घेण्यास पात्र आहे का, एवढंच बघतात. खरी अडचण वेगळी आहे. तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि शेवटचं वाढीचं पत्र मागतात. त्या पत्रात शून्य दिसतं, आणि वाढ सध्याच्या पगारावर मोजतात. कुणी विचारलंच तर खोटं बोलू नका, पाल्हाळही लावू नका. ‘वर्षाच्या मध्यात मॅनेजर बदलला, रेटिंग खाली गेलं, त्या वर्षात मी हे हे पूर्ण केलं’ एवढं पुरे. जुन्या मॅनेजरवर बोलायला लागलात की मुलाखत तिथेच संपते.

कंपनीतच दुसऱ्या टीममध्ये जाण्याचा पर्यायही आधी तपासा, पण आशा कमी ठेवा. अंतर्गत बदलीसाठी बहुतेक ठिकाणी किमान ‘मीट्स’ (अपेक्षा पूर्ण केल्या) रेटिंगची अट असते. नेमका तोच दरवाजा या रेटिंगनं बंद होतो.

पीआयपी आलाच तर तो ३०, ६० किंवा ९० दिवसांचा असतो. त्यात दोनच गोष्टी बघा. उद्दिष्टं मोजता येतात का, आणि ती पूर्ण झाली की नाही हे कोण ठरवणार? ‘दर आठवड्याला आठ टिकिटं बंद करणं, पुन्हा उघडणारी दोनपेक्षा जास्त नाहीत’ हा पार करता येण्याजोगा पीआयपी आहे. ‘प्रोअ‍ॅक्टिव्हनेस दाखवणं’ हा पार करण्यासाठी लिहिलेला नाही. अशा वेळी दिवसा काम नीट करा, संध्याकाळी मुलाखती द्या.

एचआरच्या खोलीत बोलावून ‘आत्ता राजीनामा द्या, नाहीतर टर्मिनेशन’ असं सांगितलं, तर तिथे सही करू नका. ‘मला वाचायला दोन दिवस हवेत’ एवढंच म्हणा आणि बाहेर आल्यावर त्याच तासात काय घडलं याचा मेल एचआरला टाका. कारण एकदा ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहून दिलं की नोकरी तुम्ही सोडली असं होतं आणि कामगार कपातीची भरपाई मागता येत नाही. ती भरपाई तुम्हाला लागू होते का, हे कायद्याच्या व्याख्येत तुम्ही ‘कामगार’ बसता का यावर ठरतं. पद कितीही भारदस्त असलं तरी पाहिलं जातं ते प्रत्यक्ष काम. जायचंच ठरलं तर आधी लेखी ठरवून घ्या: नोटिशीचे पूर्ण पैसे, शिल्लक रजेचे पैसे, मेडिक्लेम कोणत्या तारखेपर्यंत, आणि रिलीव्हिंग लेटरमध्ये ‘राजीनामा’ हा शब्द. तुमच्यावर राजीनामा लादला जात असेल तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. आयटी कर्मचाऱ्यांसाठी काम करणारी पुण्यातली ‘नाइट्स’ ही संघटना अशा तक्रारी मांडते.

या सगळ्यात लोक एक घोडचूक करतात. पुरावा म्हणून ऑफिसचे मेल, क्लायंटची कागदपत्रं आपल्या जीमेलवर पाठवतात. कंपनीची सिस्टीम ते लगेच पकडते. मग रेटिंगचा वाद बाजूला राहतो आणि माहिती बाहेर नेल्याचा गैरवर्तनाचा ठपका बसतो, तोही नोटिशीशिवाय. स्वतःची कागदपत्रं, म्हणजे पगारपावत्या, फॉर्म १६, नियुक्तिपत्र, वाढीची पत्रं, अप्रेझलची पत्रं एचआर पोर्टलवरून उतरवून घ्या. बाकीच्याची तारीखवार नोंद घरी वहीत आपल्या शब्दांत करा.

दोन परिस्थितींत वरचा सल्ला तसाच लावू नका. प्रसूती रजेवरून परतल्यावर अचानक रेटिंग घसरलं असेल, तर नुसतं नाराज होऊन निघू नका. त्या रजेच्या काळात कामावरून काढणं किंवा सेवाशर्ती बिघडवणं सामाजिक सुरक्षा संहितेने (पूर्वी १९६१ च्या कायद्याने) मना आहे, आणि एचआरला ते माहीत असतं. दुसरं बाळ जवळच्या काळात हवं असेल तर हेही धरा की नव्या कंपनीत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झाल्याशिवाय पगारी प्रसूती रजेचा हक्क लागत नाही. दुसरी परिस्थिती म्हणजे ज्या मॅनेजरविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार आहे, त्यानेच रेटिंग दिलं असेल. चौकशी सुरू असताना त्याला तुमच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून रोखण्याची शिफारस अंतर्गत समिती करू शकते. २०१३ च्या नियमांत ती तरतूद आहे, पण तिच्यासाठी लेखी विनंती करावी लागते.

आणि अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांसाठी एकच ओळ: नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेव्हा तिथे हातात ऑफर नसताना राजीनामा देऊच नका.

तर तुमच्यापुरता क्रम असा. या आठवड्यात मॅनेजरची भेट आणि आई-वडिलांची पॉलिसी. पहिल्या महिन्यात खुणा तपासणं आणि रेझ्युमे. मजकूर तारखांचा निघाला किंवा पुढच्या कामाचं नाव मिळालं नाही, तर ग्रॅच्युइटीचा लोभ सोडून लगेच जोरात शोधा. पाच वर्षं भरेपर्यंत तुम्हाला ठेवतील याची खात्री राहत नाही. मजकूर मोघम असेल आणि काम मिळत असेल, तर शोध चालू ठेवा, पण राजीनामा पाच महिन्यांनंतरच. टीका नेमकी आणि खरी असेल, तर दोन तिमाही थांबून ती दुरुस्त करा. तेच दोष नव्या ठिकाणी प्रोबेशनमध्ये उघडे पडले तर नोटीस ९० दिवसांची नसते, बहुधा महिन्याची किंवा त्याहून कमी असते.

झोप उडाली असेल, रोज सकाळी ऑफिसच्या विचारानं पोटात गोळा येत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा आणि वैद्यकीय रजा घ्या. रजेवर असताना राजीनाम्याचा निर्णय करू नका.

राजीनामापत्र दोन ओळींचं असावं: अमुक तारखेपासून राजीनामा, नोटिशीप्रमाणे शेवटचा दिवस अमुक. रेटिंगचा उल्लेख नको. एक्झिट इंटरव्ह्यूमध्येही मनातलं सगळं ओतू नका, ते फाइलला लागतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. शिल्लक किती दिवस आहे याचा स्क्रीनशॉट शेवटच्या दिवसाआधी घेऊन ठेवा, कारण त्यानंतर पोर्टलचं लॉगिन बंद होतं. वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतरचं थकलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. पैसे आले नाहीत तर पहिला स्मरणमेल तिसऱ्या दिवशी पाठवा, आणि तो वैयक्तिक मेलवरून, एफ अँड एफ (अंतिम हिशेब करणारी) टीम आणि एचआर दोघांनाही.